पाय गरम ठेवा

पट्टीचे दोन वेढे अजून शिल्लक होते, तेवढ्यात वास खोलीभर झाला. सायत्राबाईंनी पदर नाकाला लावला. त्यांचे यजमान मनिरामभाऊ मात्र खुर्चीत आरामात बसून यंदा शिंगाडा कसा आला ते मला सांगत होते.

"बेस आला जी यंदा. दाना मोठा हाये. तुमच्यासाठी आनाचा होता, पन हिनं सकाळपासून घाई लावली."

शेवटचा वेढा निघाला. उजव्या पायाची करंगळी आणि तिच्या शेजारची दोन बोटं काळी पडली होती. तळव्याच्या पुढच्या भागाची कातडी सुटून पट्टीसोबतच आली. पट्टीत हिरवं शेवाळ अडकलं होतं. म्हणजे ही पट्टी बांधून माणूस तलावात उतरला होता.

"दुखते का भाऊ?"

"नाही जी. दुखलं असतं तं आधीच नसतो आलो का?"

हे त्यांनी हसत सांगितलं. हा माणूस तीन महिन्यांपूर्वी माझ्याच सहीनं घरी गेला होता.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. चोवीस वर्षं झाली. वरठीला राहते आणि भंडारा जिल्ह्यातल्या एका लहान दवाखान्यात काम करते. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. चूक माझी होती, आणि माझं नाव तुम्हाला कळून काही उपयोग नाही. चूक कशी झाली ते कळलं तर होईल.

मनिरामभाऊ आंधळगावच्या पुढच्या एका गावातले ढीवर, म्हणजे मासेमार. वय शेहेचाळीस. गावचा तलाव तिथल्या ढीवर मंडळींच्या संस्थेकडे असतो. उन्हाळ्या-पावसाळ्यात मासे, आणि दिवाळीपासून थंडीभर शिंगाडा. शिंगाड्याचा वेल पाण्यावर पसरतो, फळ पानाखाली लपलेलं असतं आणि त्याला दोन टोकदार काटे असतात. छातीभर पाण्यात उभं राहून ते हातानं चाचपून तोडावं लागतं. या कामात मनिरामभाऊंचा हात धरणारं कोणी नाही, असं गावातले सांगतात.

दसऱ्याच्या आधी ते पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, जाळं दुरुस्त करत बसले होते. एकदम सगळं गरगर फिरलं, दोन उलट्या झाल्या आणि उचकी लागली. पित्त झालं म्हणून घरी नेलं. उचकी काही थांबेना. दोन दिवस गाव मजा करत होतं, "सासरवाडीचे आठवन काढून राह्यले गा तुही." तिसऱ्या दिवशी प्यायलेलं पाणी नाकातून बाहेर आलं, आवाज घोगरा झाला, तेव्हा सायत्राबाईंनी भावाची गाडी बोलावली आणि दवाखान्यात आणलं.

तो स्ट्रोक होता. आपण ज्याला लकवा म्हणतो तोच, पण जागा वेगळी. मेंदूला खालच्या बाजूला एक देठ असतो, वांग्याला असतो तसा. त्याला ब्रेनस्टेम म्हणतात. जाडी अंगठ्याएवढी. मेंदू आणि शरीर यांच्यातल्या सगळ्या तारा त्या अंगठ्याएवढ्या जागेतून जातात. त्या देठाच्या खालच्या टोकाला, डाव्या बाजूला, भाऊंचा रक्तपुरवठा अडला होता.

लकवा म्हटला की लोकांना लुळा हात आणि वाकडं तोंड दिसतं. इथं तसं काही नव्हतं. भाऊंनी मूठ आवळली की माझी बोटं दुखायची. चालताना डावीकडे कलायचे आणि घास गिळता यायचा नाही, एवढंच वरून दिसायचं. न दिसणारी गोष्ट वेगळी होती. अंगावरचा स्पर्श मेंदूला कळवणाऱ्या तारा वेगळ्या असतात, आणि दुखणं व गरम-थंड कळवणाऱ्या वेगळ्या. देठात त्या वेगवेगळ्या वाटेनं जातात. भाऊंची दुसरी वाट बंद पडली, पहिली चालू राहिली. शिवाय ही दुसरी तार पाठीच्या कण्यात शिरल्याबरोबर बाजू बदलते. म्हणून इजा डावीकडे आणि बधिर उजवं अंग. चेहरा मात्र डावाच.

बधिर हा शब्दसुद्धा पुरता बरोबर नाही. अशा अंगावर कापूस फिरवला तर तो कळतो. डोळे मिटून हातात नाणं दिलं तर नाणं आहे हे सांगता येतं. सुई टोचली तर काहीतरी लागलं एवढं कळतं, टोचणं कळत नाही. उकळतं पाणी पडलं तर ओलं झालं एवढंच कळतं.

हे सगळं मला पुस्तकातून पाठ होतं. भाऊंच्या फाइलच्या पहिल्या पानावर डॉक्टरांनी तसं लिहिलंही होतं, एका ओळीत, त्यांच्या अक्षरात. मी वाचलं होतं. मग बारा दिवस मी फक्त गिळणं आणि तोल यांच्यामागे लागले, कारण माणूस ठसका लागून जातो आणि तोल जाऊन पडतो. हनुवटी छातीला टेकवून गिळायचं, आधी घट्ट पेज, मग पातळ. भिंतीला धरून दहा पावलं, मग भिंत सोडून. बाराव्या दिवशी भाऊंनी कपभर चहा ठसका न लागता संपवला आणि वॉर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ चालून दाखवलं. सायत्राबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं सांगायचं तर माझ्याही आलं. त्या आनंदात मी आंधळी झाले.

त्याच सकाळी डिस्चार्ज होता. आमचे डॉक्टरसाहेब दारातून डोकावले.

"झालं का म्याडम? बेड पाहिजे, बाहेर पेशंट बसून आहे."

"पाच मिनिटं सर."

कार्डावर चौकटी असतात. ताकद, स्पर्श, तोल, चाल. मी कापूस काढला, दोन्ही हातांवर फिरवला, दोन्ही पायांवर फिरवला. "कळते का?" "कळते जी." टच नॉर्मल, असं लिहिलं. टाचणीची चौकट नव्हती, गरम-थंडाची तर नव्हतीच. टाचणी माझ्या ड्रॉवरमध्ये होती. ड्रॉवर चार पावलांवर.

भाऊंनी तेव्हा एकच प्रश्न विचारला. बारा दिवस तो त्यांच्या मनात असावा.

"म्याडम, शिंगाड्याले पान्यात उतरता येईन ना?"

"येईल ना, कायले नाही? महिनाभर आराम करा, तोल पक्का होऊ द्या, मग उतरा."

त्यांचा चेहरा फुलला. मग जाता जाता, पिशवी उचलून, त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली.

"एक गंमत सांगू का जी? आंघोळीचं पानी डाव्या अंगाले गरम लागते अना उजव्याले थंड. बालटी तं एकच हाये."

मी हसले. "येईल हळूहळू. नस आहे, वेळ लागतो."

"अना हा उजवा पाय थंडच रायते."

"मोजे घाला. पाय गरम ठेवा," मी म्हटलं, आणि कार्डावर सही केली.

पुढचं मला त्या दिवशी सायत्राबाईंनी सांगितलं, काळ्या पडलेल्या त्या पायाजवळ उभं राहून.

दिवाळीनंतर भाऊ पाण्यात उतरले. पहिले काही दिवस झकास गेले. उजव्या हाताला शिंगाड्याचे काटे लागेनासे झाले होते. बाकीच्यांची बोटं रक्ताळायची, यांचीही रक्ताळायची, पण यांना पत्ता नसायचा. साथीदार म्हणायचे, "मनिरामले देवानं लोखंडी हात देला गा." भाऊंनाही ते आवडायचं. दवाखान्यात बारा दिवस लोळून आलेल्या माणसाला कोणी लोखंडी म्हटलं तर का नाही आवडणार?

मग थंडी पडली. सकाळच्या पाण्यात तासभर उभं राहिलं की पाय लाकूड होतात. म्हणून पाळीवर तणीस आणि काटक्या पेटवून ठेवतात. तणीस म्हणजे धानाचा पेंढा. जागा चौघांची आणि माणसं दहा-बारा, म्हणून आळीपाळीनं बसायचं. वेळ बघायला पाण्यात कोणाकडे घड्याळ नसतं. त्यांचा नियम साधा आहे: पाय चटकला की उठायचं आणि पुढच्याला जागा द्यायची. बापजाद्यांपासून हेच चालत आलेलं. कोणी लवकर उठत नाही आणि कोणी फार वेळ बसत नाही, कारण चटका सगळ्यांना सारखाच लागतो.

मनिरामभाऊंना लागत नव्हता.

"हे बसूनच राहत होते बाई," सायत्राबाई म्हणाल्या. "दशरथभाऊ म्हने, ऊठ ना गा, माह्या नंबर हाये. तं हे म्हनत, थांब, माह्या पाय अजून थंडच हाये. अना पाय आनखी पुढं सरकवत."

डावा पाय ते मागे घेत, कारण तो भाजायचा. उजवा पुढे. सगळ्यांना वाटलं, आजारातून उठलेला माणूस आहे, थंडी जास्त वाजत असेल, बसू द्या. दशरथभाऊंनी स्वतःची पाळीही त्यांना दिली. चांगल्या मनानंच दिली.

संध्याकाळी पाय धुताना तळव्याला मोठा फोड दिसला. हळद लावली, फडकं बांधलं. दुसऱ्या दिवशी भाऊ पुन्हा पाण्यात. सायत्राबाई नको म्हणाल्या, तर ते म्हणाले, दुखत नाही तं घाव कायचा? आमच्याकडे खेड्यात जखम दुखण्यावर मोजतात. लंगडला तर दवाखाना, नाही लंगडला तर हळद. मनिरामभाऊ लंगडत नव्हते. नऊ दिवस त्या उघड्या जखमेनं तलावाचं पाणी आणि गाळ पिऊन घेतला. रोज पाण्यातून बाहेर आले की पुन्हा शेकोटी. दहाव्या दिवशी सायत्राबाईंना अंथरुणात वास आला.

मी भाऊंवरच चिडले. माझा स्वभाव तसा आहे, घाबरले की ओरडते.

"अरे भाऊ, पण आगीत पाय घालायचं कोणी सांगितलं तुम्हाला?"

मनिरामभाऊ गोंधळले. त्यांनी आधी बायकोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आवाजात राग नव्हता. विसरलेल्या माणसाला आठवण करून द्यावी तसं ते म्हणाले,

"तुमीच सांगतलं होतं ना जी. पाय गरम ठेवजा म्हनून."

मी वाकून पायाकडे पाहत राहिले. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. मग ड्रॉवर उघडला, टाचणी काढली आणि तीन महिने उशिरा ती तपासणी केली. डाव्या पायाला टोचलं, त्यांनी पाय ओढला. उजव्याला टोचलं.

"काय कळलं?"

"तुमचं बोट लागलं."

पिंडरीला तेच. मांडीला तेच. पोटाला, छातीला, हाताला तेच. बैल गेला अन् झोपा केला.

डॉक्टरसाहेब आले, पाय पाहिला आणि लगेच नागपूरची चिठ्ठी लिहायला बसले. लिहिता लिहिता विचारलं,

"डिस्चार्ज कार्डावर काय आहे?"

"टच नॉर्मल."

"मग चुकीचं नाही लिहिलं तुम्ही. टच नॉर्मलच आहे."

"हो सर."

"अॅडमिशन नोटमध्ये मी लिहिलं होतं, पिनप्रिक कमी आहे म्हणून."

"फाइल दवाखान्यात राहते सर. पेशंटसोबत कार्ड जातं."

पेन क्षणभर थांबला, मग चालू झाला. आम्हा दोघांचं लिहिलेलं बरोबर होतं. डॉक्टरांची ओळ कपाटात बरोबर होती आणि माझी ओळ सायत्राबाईंच्या ट्रंकेत बरोबर होती. मधल्या मध्ये पाय गेला.

नागपूरच्या सर्जननं बोटं वाचवायचा प्रयत्न केला, पण पाय हाडापर्यंत सडला होता. पाचही बोटं आणि पाऊल अर्ध्यापर्यंत काढावं लागलं. ऑपरेशननंतर ड्रेसिंग बदलताना शेजारच्या खाटेवरचे पेशंट ओरडायचे. भाऊ शांत पडून असायचे. तिथल्या सिस्टर म्हणायच्या, किती सोशिक पेशंट आहे. सायत्राबाईंनी हे मला फोनवर सांगितलं आणि पुढे म्हणाल्या, "मी त्यायले काय सांगू बाई, का हे सोशिक नाहीत, यायले कळतच नाही?"

जखम भरल्यावर चालायला शिकवणं पुन्हा माझ्याकडेच आलं. मला वाटलं होतं, ते दुसरीकडे जातील. जायला पाहिजे होतं. पण आले, आणि पहिल्या दिवशी पूर्वीसारखंच "राम राम म्याडम" म्हणाले. मी त्यांना बसवलं आणि सांगितलं,

"भाऊ, माझं चुकलं. त्या दिवशी तुम्ही मला बादलीचं सांगितलं, तेव्हाच मी थांबायला पाहिजे होतं."

ते खाली पाहत होते. म्हणाले, "आता काय करता जी. तुमाले तरी कुठं मालूम होतं."

हेच तर होतं. मला माहीत होतं. ते मी त्यांना पुन्हा सांगितलं नाही. माझी तेवढी हिंमत झाली नाही.

पुढच्या भागात कापूस भरलेला बूट करून घेतला. त्या बुटानं भाऊ रस्त्यावर चालतात, बाजारात जातात. पण तलावाच्या तळाशी गाळ असतो, आणि गाळात उभं राहायचं तर पायाच्या बोटांनी तळ धरून ठेवावा लागतो. बोटंच नाहीत. गेल्या वर्षी उन्हाळ्यात एकदा ते कोणाला न सांगता उतरले. कमरेएवढ्या पाण्यात घसरले. दशरथभाऊंनी बगलेत हात घालून बाहेर काढलं. त्यानंतर ते घोट्याएवढ्या पाण्यातही गेले नाहीत. संस्थेनं त्यांना पाळीवर राखणीला बसवलं आहे, गुरं वेलात शिरू नयेत म्हणून. काम आहे, पण मन तिथं नाही. पाण्यातली माणसं बोलत असतात आणि भाऊ पाळीवरून त्यांच्याकडे पाहत असतात.

यंदा शिंगाड्याच्या दिवसांत मी त्यांच्या गावी गेले. खरं तर सायत्राबाईंना पुन्हा एकदा सगळं समजावायला गेले होते. पाय रोज पाहायचा, तळवा आरसा धरून पाहायचा, आंघोळीचं पाणी डाव्या हातानं बघायचं, चुलीजवळ उजवं अंग करून बसायचं नाही. त्यांना सगळं पाठ होतं. माझ्याकडून काही शिकण्यासारखं उरलं नव्हतं.

पाळीवर शेकोटी पेटलेली होती. दशरथभाऊ आणि मनिरामभाऊ शेजारी शेजारी बसले होते. मी पाहत राहिले. थोड्या वेळानं दशरथभाऊंनी पाय झटकन मागे घेतला आणि म्हणाले, "मनिराम, आपला पाय भाजला गा." दोघेही उठले. दुसरे दोघे येऊन बसले. कोणी त्याकडे वळूनही पाहिलं नाही, इतकं ते रोजचं झालं होतं.

बाजूला सायत्राबाई हंड्यात शिंगाडे उकडत होत्या. मनिरामभाऊ मला पाहून लगबगीनं आले. पाहुणीला काहीतरी द्यायला हवं ना? त्यांनी झाऱ्यातून नुकतेच काढलेले शिंगाडे मूठभर उजव्या हातात घेतले आणि माझ्यापुढे केले. मी हात पुढे केला. पहिला शिंगाडा तळहातावर पडला आणि मी तो झटकून टाकला.

"गरम हायेत का जी?" त्यांनी विचारलं.

शिंगाड्यांतून वाफ निघत होती. उरलेले त्यांच्या मुठीत होते.

"भाऊ, सोडा ते! डाव्या हातानं बघा!"

त्यांनी डावं बोट लावलं. चेहरा उतरला. शिंगाडे खाली टाकले आणि तळहात उलटून पाहिला. तो लाल झाला होता. सायत्राबाई धावत थंड पाणी घेऊन आल्या आणि त्यांच्या हातावर ओतू लागल्या.

"सगळं शिकवलं तुमी," भाऊ मला म्हणाले. "पन पाहुना दिसला का याद राहत नाही जी."

मी आता टेबलावर दोन स्टीलचे ग्लास ठेवते, एकात कोमट पाणी, एकात माठातलं. कार्डावर चौकट नाही, म्हणून हातानं लिहिते, लाल पेनानं. डॉक्टरसाहेब बेड मागतात तेव्हा बेड थांबतो. नवीन मुली शिकायला येतात, त्यांना सांगते, यंत्र नसलं तरी चालेल, पेशंटला बोलू द्या. बादली एक, पाणी एक, आणि अंगं दोन. मनिरामभाऊंनी ती तपासणी माझ्याआधीच करून आणली होती. मी हसले होते.